नदीपलीकडचा संघ

नागपंचमी जवळ आली की आमच्या गावात दोन कामांची घाई उडायची. लिंबाच्या फांद्यांना झोके बांधले जायचे, ते लेकीसुनांसाठी; आणि मारुतीच्या पारासमोरची जागा झाडून, खडे वेचून, फक्कीच्या रेषा ओढून सज्ज व्हायची, ती हुतुतूसाठी. गाव सेलू तालुक्यातले, दुधनेच्या काठचे. नदीच्या पलीकडे दुसरे गाव. दोन्ही गावांचा आठवडी बाजार एक, सोयरीक आपसातली, पंढरीच्या दिंडीतही दोन्हीकडची माणसे एकाच फडाखाली चालायची. वर्षातला हा एक दिवस मात्र आम्ही एकमेकांचे कुणी लागत नसू.

एका वर्षी सामना आमच्याकडे, दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडे, असा रिवाज होता. आमची जमीन काळीभोर. श्रावणातल्या एका सरीत तिचा असा चिकट राडा होतो की पायाला मातीचेच जोडे चढतात. त्या मैदानावर धावण्याचा, उडी मारण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे आमचा संघ धरणाऱ्यांचा होता. चढाईला आलेला गडी आत खोलवर येईपर्यंत गप्प उभे राहायचे आणि एकदा का त्याची मांडी हाती लागली की मग सोडायची नाही. पलीकडच्या गावाला नदीच्या वळणावरची रेताड, गाळाची जमीन लाभलेली. तिथे पडले तरी लागत नाही. म्हणून त्यांची पोरे माशासारखी निसटायची, सूर मारायची, धरणाऱ्याच्या डोक्यावरून पल्याड जायची. आमच्या मैदानावर बहुधा आम्ही जिंकत असू, त्यांच्या मैदानावर ते. दोन कोसांच्या अंतरात एका खेळाच्या दोन तऱ्हा झाल्या होत्या आणि त्या कुणी शिकवल्या नव्हत्या. मातीने शिकवल्या होत्या.

१९७६ सालच्या नागपंचमीला मात्र घात झाला. शेवटच्या चढाईत त्यांच्या गड्याचा दम गेला की नाही, यावरून वाद पेटला. पंच म्हणून उभे असलेले गुरुजी बिचारे दोन्हीकडून ओढले गेले. बोलाचाली झाली, मग हातघाई. दोन्ही गावांच्या वडीलधाऱ्यांनी बसून ठरवले, की भांडण घरात शिरण्यापेक्षा खेळच बंद केलेला बरा. सात वर्षे तो बंद राहिला. आम्ही वरची आळी विरुद्ध खालची आळी असे आपसात खेळू लागलो आणि आपण फार तयार झालो आहोत, अशी समजूत करून घेतली. पुढे तालुक्याच्या स्पर्धेला गेलो तेव्हा पहिल्याच फेरीत शाळकरी पोरांनी आम्हाला पाणी पाजले. खाली मान घालून परतलो तेव्हा आमचे आबा एवढेच म्हणाले, ‘‘लेकरांनो, पल्याडचे होते म्हणून आपुन होतो.’’

ते वाक्य मी बरीच वर्षे विसरलो होतो. २०१८ सालच्या ऑगस्टमध्ये ते एकाएकी आठवले. दूरचित्रवाणीवर जाकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेतला कबड्डीचा सामना चालू होता आणि इराणचे गडी भारताच्या चढाईपटूला चहूबाजूंनी घेरत होते.

एक खेळ, दहा नावे

कबड्डी आपली, असे आपण सहज म्हणतो आणि ते खोटेही नाही. पण ‘आपली’ या शब्दात किती जण बसतात, हे एकदा मोजायला हवे. महाराष्ट्रात ती हुतुतू. बंगालमध्ये हा-डू-डू. तेलुगू मुलखात चेडुगुडू, तमिळनाडूत सडुगुडू, श्रीलंकेत गुडू. इराणच्या उत्तर भागात ‘झू’ असा सूर धरून, दम रोखून खेळायचा एक जुना खेळ आहे, तोही याच कुळातला. प्रत्येक ठिकाणी श्वासाला शब्द वेगळा, पण अट तीच. एकट्याने शत्रूच्या घरात शिरायचे, स्पर्श करायचा आणि दम सुटण्याआधी आपल्या घरी परतायचे.

आपल्या परभणीकरांना तर हे शेजारपण नवीन नाही. १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. मराठी, तेलुगू आणि कानडी जिल्हे एका सत्तेखाली नांदत होते. हुतुतू आणि चेडुगुडू एकाच संस्थानात, एकाच श्वासाच्या हिशेबाने खेळले जात होते. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, तेलुगू जिल्हे वेगळ्या राज्यात गेले. नकाशे बदलले, खेळ तिथेच राहिला.

या विखुरलेल्या खेळाला एका नियमात बांधण्याचे काम मात्र बरेचसे मराठी माणसांनी केले, हे अभिमानाने सांगायला हरकत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुणे, सातारा, बडोदे इथल्या व्यायामप्रेमींनी नियम लिहून काढायला घेतले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली त्या नियमांनुसार स्पर्धा भरवली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपण उठता-बसता ऐकवतो. पण हुतुतू जर्मनीला पोचली ती अमरावतीकरांच्या पायांनी, एवढे कबूल करायला हवे! पुढे १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली. शंकरराव साळवी, म्हणजे कबड्डी जगताचे बुवा साळवी, यांनी उभे आयुष्य या खेळाच्या संघटनेला आणि प्रसाराला दिले. त्यांच्या पिढीने गावठी समजला जाणारा हा खेळ आशियाच्या अंगणात नेला.

रुपयांचा चषक

शेजाऱ्यांमधली चुरस खेळाला काय देते, हे पाहायचे तर क्षणभर आपल्या मैदानाबाहेर डोकवावे लागेल. रग्बी हा खेळ आपल्याकडे मुंबई, पुणे, कोलकाता अशा मोजक्या शहरांत खेळला जातो. अंडाकृती चेंडू बगलेत घेऊन पळणारा एक गडी आणि त्याला कमरेत, पायांत धरून लोळवणारे चार-पाच जण, हे दृश्य पाहिले की कबड्डी खेळलेल्या माणसाला ते परके वाटत नाही. पकड ती पकडच.

या रग्बीत इंग्लंड आणि स्कॉटलंड हे दोन शेजारी दरवर्षी एका चषकासाठी भिडतात. त्याचे नाव ‘कलकत्ता चषक’. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यातल्या इंग्रजांनी रग्बीचा क्लब काढला होता. तो फार काळ चालला नाही. क्लब मोडताना सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ती वितळवली, नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला चषक घडवला आणि १८७८ साली तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. १८७९ पासून हे दोन शेजारी त्यासाठी झुंजत आहेत. आपल्या रुपयांची चांदी त्यांच्या चुरशीची खूण झाली. दोन्ही देशांत रग्बीचे क्लब आहेत, गावागावांच्या लढती आहेत. पण वर्षातला तो एक सामना आला की घरातली भांडणे मागे पडतात. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचेही असेच चालते. दोघे एकमेकांना पाण्यात पाहतात आणि दोघे एकमेकांकडून शिकतात.

कबड्डीच्या जगातही असे शेजारी आहेत. फक्त आपल्याकडे ते जरा अवघड जागी बसले आहेत.

सीमा देशाच्या, सीमा खेळाच्या

भारत, पाकिस्तान, बांगलादेश. एका घराची तीन घरे झाली, पण खेळाची वाटणी काही त्या रेघांनुसार झाली नाही. पंजाबातली खास कबड्डी घ्या. ती चौकोनी मैदानावर नव्हे, मोठ्या वर्तुळात खेळतात. बाद झालेला गडी बाहेर जाऊन बसत नाही. चढाई करणारा एकाला स्पर्श करून पळतो आणि त्याच एकट्याने त्याला अडवायचे. म्हणजे धावण्याची शर्यत आणि कुस्ती एकत्र. ही वर्तुळातली कबड्डी अमृतसरच्या आसपासच्या खेड्यांत जशी रंगते, तशीच लाहोर-फैसलाबादकडेही रंगते. अमृतसरच्या माणसाला आपल्या परभणीच्या हुतुतूपेक्षा लाहोरची कबड्डी जवळची वाटेल. बंगालचेही तसेच. हा-डू-डू कोलकात्याच्या बाजूलाही आहे आणि ढाक्याच्या बाजूलाही. बांगलादेशाने तर स्वतंत्र झाल्यावर कबड्डीलाच राष्ट्रीय खेळाचा मान दिला.

१९७४ साली भारताचा संघ बांगलादेशाच्या दौऱ्यावर गेला आणि तिथल्या निरनिराळ्या शहरांत पाच सामने झाले. १९७९ साली बांगलादेशाचा संघ परतीच्या भेटीला आला. १९८० साली कोलकात्यात पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली तेव्हा अंतिम सामन्यात हेच दोन शेजारी समोरासमोर होते. भारत जिंकला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला. त्यानंतर पुरुषांचे सुवर्णपदक लागोपाठ सात वेळा भारताने घेतले. रौप्यपदकाकडे पाहिले तर शेजाऱ्यांची पाळी लागलेली दिसते. १९९०, १९९४ आणि २००२ साली बांगलादेश, १९९८ आणि २००६ साली पाकिस्तान.

या देशांतल्या घरगुती लढतीही एकमेकींच्या बहिणी शोभाव्यात अशा आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धेत राज्यांच्या संघांबरोबर रेल्वे आणि सेनादल उतरतात. गावाकडचा चांगला गडी नोकरी मिळाली की रेल्वेचा होतो आणि मग आपल्याच राज्याविरुद्ध चढाई करतो. पाकिस्तानातही सेना, हवाईदल आणि वीज-पाणी खाते सांभाळणारी ‘वापडा’ यांचे संघ बलाढ्य. तिथल्या खेड्यातल्या पोराचेही स्वप्न तेच, की पकड चांगली जमली तर नोकरी पक्की. खेळाडूच्या घरची चूल कशी पेटते, हे पाहिले तर सीमेच्या दोन्ही बाजूंना फरक दिसत नाही.

मात्र शैलीत फरक आहे. मुंबईच्या गिरणगावात, लालबाग-परळच्या चाळींमधून जी कबड्डी वाढली तिची ओळख चपळ पावलांची. अंग चोरून आत जायचे, पायाच्या बोटांनी हलकेच स्पर्श करायचा, बोनसची रेषा ओलांडून गुण खिशात घालायचा. जागा अरुंद, मंडळे शेकडो, रोज संध्याकाळी वेगळा प्रतिस्पर्धी. अशा ठिकाणी ताकदीपेक्षा युक्ती मोठी ठरते. हरयाणा-पंजाबकडची कबड्डी आखाड्यातून आलेली. तिथे कोपऱ्यावरचा गडी म्हणजे खांब. घोटा हाती लागला की चढाई संपली. आमच्या दोन गावांमध्ये जे होते तेच हे, फक्त नदीच्या जागी सगळा देश.

पैलवानांच्या देशातून

इराणची कबड्डी समजून घ्यायची तर आधी त्यांची कुस्ती पाहावी लागते. तिथे जोरखाना नावाची जुनी व्यायामशाळा असते. मधोमध खोलगट आखाडा, मुद्गलासारखे लाकडी जोड, ढोलाच्या ठेक्यावर व्यायाम. आपल्या तालमीत वाढलेल्या माणसाला ते दृश्य अगदी ओळखीचे वाटेल. त्या देशाचे पैलवान ऑलिंपिकमध्ये पदके जिंकत आले आहेत. उत्तरेकडचा गोलेस्तान प्रांत कुस्तीसाठी प्रसिद्ध आणि इराणी कबड्डीतला फझल अत्राचली हा मोठा बचावपटू त्याच भागातला. तोही आधी कुस्ती खेळत होता. कुस्तीतला पट त्याने कबड्डीत आणला.

इराणी संघाची खासियत म्हणजे साखळी. दोघे-तिघे हात धरून जाळे टाकल्यासारखे पुढे सरकतात. एकाने घोटा धरला की बाकीचे एका क्षणात अंगावर कोसळतात. आपल्याकडे चढाईपटू हा नायक, टाळ्या त्याला. त्यांच्याकडे धरणारा नायक. हा उलटा विचार आपल्या संघाला हळूहळू जड जाऊ लागला. २००४ साली मुंबईत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली तेव्हा अंतिम सामन्यात भारताने इराणला ५५-२७ असे सहज लोळवले होते. २००७ साली पनवेलला तोच अंतिम सामना २९-१९ झाला. २०१४ साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत मध्यंतराला इराण पुढे होता आणि भारत २७-२५ असा, म्हणजे अवघ्या दोन गुणांनी वाचला. पाहणाऱ्याला पुढचे दिसत होते. आम्हाला मात्र दिसले नाही, कारण सोने आपलेच, अशी सवय लागली होती.

त्याच २०१४ सालच्या जुलैत प्रो कबड्डी लीग सुरू झाली. इराणचे गडी आपल्या शहरांच्या संघांत खेळू लागले. अत्राचली २०१५ साली मुंबईच्या ‘यू मुंबा’ संघात होता आणि त्या वर्षी तो संघ विजेता ठरला. महिनोन्‌महिने आपल्याच चढाईपटूंसमोर उभे राहून इराणी बचावपटूंनी त्यांच्या पावलांचा अभ्यास केला. यात गैर काही नाही. शेजारी ओसरीवर येऊन बसला की घरातली भांडी कुठे आहेत, हे त्याला कळणारच.

नाशिकच्या बाई आणि इराणच्या मुली

मग आले जाकार्ता. २३ ऑगस्ट २०१८ रोजी उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असे हरवले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा भारताच्या पुरुषांना सुवर्णपदक मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामना होता. २०१० आणि २०१४ साली सुवर्ण जिंकलेला आपला संघ समोर आणि पलीकडे डोक्याला कापड बांधलेल्या इराणच्या मुली. इराण २७, भारत २४. सामना संपल्यावर त्या मुली रडत, हसत एका मराठी बाईंच्या गळ्यात पडल्या.

त्या बाई म्हणजे नाशिकच्या शैलजा जैन. महाराष्ट्रात अनेक वर्षे मुलींना कबड्डी शिकवलेल्या प्रशिक्षक. इराणने त्यांना बोलावले, त्या गेल्या. परक्या देशात भाषेची अडचण आली तेव्हा फारसी शिकल्या. मुलींना योगासने आणि प्राणायाम शिकवला. दमाच्या खेळात श्वासाची साधना किती उपयोगी, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. आणि दोन वर्षांच्या आत त्या मुलींनी सोने घेतले.

त्या संध्याकाळी अनेक घरांत चर्चा झाली असेल. आमच्याही घरात झाली. ‘‘आपल्याच बाईंनी आपल्याला हरवलं, हे बरं नव्हे,’’ असे शेजारचे एक गृहस्थ म्हणाले. मला तसे वाटले नाही. बुवा साळवींच्या पिढीला हा खेळ जगभर जावा असेच वाटत होते ना? मग जग शिकून आपल्या दारात उभे राहिले, तर दु:ख कशाचे? भारतीय प्रशिक्षकांनी इतरही देशांत जाऊन शिकवले आहे. गुरूला हरवणारा शिष्य निघाला की गुरूने ताठ मानेने चालावे, ही आपल्याकडची जुनी रीत. खरा प्रश्न वेगळा आहे. इतक्या मोठ्या गुणाची माणसे आपल्याकडे असताना, ती आपल्याला सीमेपलीकडून दिसावी लागली, हा तो प्रश्न.

दार उघडे, दार बंद

शेजाऱ्यासाठी दार उघडे ठेवले की काय होते, ते इराणने दाखवले. दार बंद केले की काय होते, तेही आपल्यासमोर आहे. प्रो कबड्डीच्या पहिल्या हंगामात पाकिस्तानचे काही खेळाडू होते. नंतर राजकारण आड आले आणि ते दिसेनासे झाले. २०१६ साली अहमदाबादला झालेल्या विश्वचषकातही पाकिस्तानचा संघ नव्हता. दोन देशांमधल्या रक्तरंजित प्रसंगांचे ओझे मोठे आहे, ते खेळाच्या पानावर हलके करता येणार नाही, आणि तसा आव मी आणतही नाही. फक्त मैदानावर काय झाले, तेवढे नोंदवतो. १९९८ आणि २००६ साली ज्यांनी अंतिम फेरीत भारताशी झुंज दिली, त्यांना २०२३ साली हांगझोच्या उपांत्य सामन्यात भारताने ६१-१४ असे हरवले. कारणे इतरही असतील. पण तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याशी गाठच पडली नाही, तर अंगातली कला गंजते, हे आमच्या गावाने सात वर्षांत अनुभवले होते.

पंजाबच्या वर्तुळात मात्र चुरस टिकून राहिली. २०१४ साली भारतीय पंजाबात झालेल्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला ४५-४२ असे हरवले. २०२० साली लाहोरच्या अंतिम सामन्यात पाकिस्तान ४३-४१ असा जिंकला. तिथे गेलेल्या संघाला भारताच्या अधिकृत संघटनेची मान्यता नव्हती, हेही सांगायला हवे. तरी गुणांचा फरक पाहा. तीन गुण, दोन गुण. जिथे भेटीगाठी चालू राहिल्या, तिथे दोघेही तगडे राहिले.

आणि इराण? ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण २८-२८ असे बरोबरीत होते. शेवटचे जेमतेम एक मिनिट. पवन सेहरावतच्या चढाईत राखीव पट्ट्यात कोण कधी गेले, कोणता नियम लावायचा, यावरून वाद झाला. खेळाडू मैदानात बसून राहिले. सुमारे तासभर खेळ थांबला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. तो तास पाहताना मला आमचे गुरुजी आठवले, दोन्हीकडून ओढले जाणारे. फरक एवढाच, की आमच्याकडे सामना सात वर्षे थांबला, तिथे तासाभरात पुन्हा सुरू झाला. नियम आणि पंच यांच्यावर रागावता येते. शेजाऱ्याशी खेळणेच सोडून चालत नाही.

त्या सामन्यात भारताच्या संघात नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार होता आणि इराणच्या संघात मोहम्मदरेझा शादलू. पाच महिने उलटायच्या आत, १ मार्च २०२४ रोजी, हे दोघे एकाच संघात होते. ‘पुणेरी पलटण’ने त्या दिवशी हरयाणाला २८-२५ असे हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळवले. कर्णधार अस्लम, आणि बचावाचा खांब शादलू. मराठी पाऊल आणि इराणी पकड. आमच्या दोन गावांचा एक संघ झाला असता तर कदाचित असाच झाला असता.

आपल्या अंगणातला हिशेब

हे सगळे सांगून झाल्यावर घरचा हिशेबही मांडायला हवा. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्राच्या पुरुषांनी सेनादलाला हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, ते तब्बल ११ वर्षांच्या खंडानंतर. ज्या राज्याने नियम लिहिले, त्याला अकरा वर्षे थांबावे लागले. महिलांमध्ये रेल्वेची सत्ता दीर्घकाळ चालली. तरीही २०१२ साली पाटण्याला पहिल्या महिला विश्वचषकात इराणला हरवणाऱ्या भारतीय संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या तीन मुली महाराष्ट्राच्या होत्या, हे विसरू नये.

आता मोठ्या स्पर्धा गादीवर होतात. मॅटवर पाऊल वेगळे पडते, बूट लागतात, गुडघ्याचा हिशेब बदलतो. काळ्या मातीत वाढलेला परभणीचा, जिंतूरचा, गंगाखेडचा मुलगा पहिल्यांदा मॅटवर उतरतो तेव्हा त्याला नदीपलीकडच्या मैदानावर आल्यासारखेच वाटते. त्याच्या पकडीत दोष नसतो. त्याची वेगळ्या जमिनीशी आणि वेगळ्या गड्याशी ओळख झालेली नसते. मुंबईच्या मुलाला रोज नवा प्रतिस्पर्धी भेटतो. आपल्याकडच्या मुलाला वर्षातून एखादी जिल्हास्पर्धा भेटते. खेळाडू घडवायचा तर त्याला खुराक आणि बूट द्यावेत, हे खरेच. पण त्याहून आधी त्याला तोलामोलाचा शेजारी द्यावा. लातूरशी, नांदेडशी, जालन्याशी, पलीकडे तेलंगणातल्या निजामाबादशी त्याची वरचेवर गाठ पडावी. चेडुगुडूवाले काही परके नाहीत, कालपर्यंत एकाच अंगणातले होते.

आमच्या गावाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. आठव्या वर्षी आबाच नदी ओलांडून गेले. बरोबर पानसुपारी घेतली आणि पलीकडच्या गावच्या म्हाताऱ्यांसमोर जाऊन बसले. त्या नागपंचमीला सामना आमच्या पारासमोर झाला, आमच्या काळ्या चिखलात, आणि तरीही आम्ही हरलो. सात वर्षांत त्यांनी धरायला शिकून घेतले होते; आम्ही उडी मारायला शिकलो नव्हतो. आम्ही तोंडे पाडून बसलो होतो. आबा मात्र पारावर बसून पाहुण्यांना आग्रह करकरून गूळ-शेंगदाणे वाढत होते, जणू घरचेच लग्न.

आता दोन्ही गावांतली निम्मी पोरे पुण्याकडे कामाला असतात. नागपंचमीला जी येतात तेवढ्यांत सात-सातचे संघ जेमतेम जमतात. कधी आम्हाला एक गडी कमी पडतो, तेव्हा पलीकडचे आपला एक देतात आणि तो दिवसभर आमच्या बाजूने जीव तोडून खेळतो. यंदा सामना त्यांच्याकडे आहे.